तीन हिरवे

छपाईच्या दुकानात, मागच्या खोलीत स्कॅनरपाशी बसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मालकसुद्धा, आणि तो तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा! रंगाच्या बाबतीत मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर सोमवारी रंगपट्टी स्कॅन करून त्या स्कॅनरचं प्रोफाइल, म्हणजे तो कुठला रंग किती चुकवतो याचा तक्ता, नव्याने बनवायच्या. "यंत्र थापा मारतं हो," म्हणायच्या, "किती मारतं ते ठाऊक असलं की झालं."

एकदा एक म्हातारा रंगारी मुलीचा हात धरून आला. जन्मभर लोकर रंगवलेला माणूस. नजर आता अधू होत चाललेली. त्याच्या नमुन्यांच्या वहीला कसर लागून लोकर गळत होती, म्हणून छापील प्रत हवी होती. एका पानावर तीन हिरवे तुकडे होते, एकापेक्षा एक झळझळीत. तिसरा बायकोच्या स्वेटरचा. बायको आता नव्हती, स्वेटरही नव्हता.

आठवड्याने दोघं प्रत घ्यायला आले. म्हाताऱ्याने ते पान खिडकीशी नेलं, नाकाला लावलं, परत लांब धरलं. मग हळूच म्हणाला, "तिन्ही एकच दिसताहेत गं. गेली वाटतं नजर." मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पानाकडे तिने पाहिलंच नाही.

मावशींनी पाहिलं. खरंच तिन्ही एकच होते! माणसांचे फोटो करून करून हात बसला होता 'रिलेटिव्ह' या सेटिंगवर: कागदाला जमतील ते रंग तसेच ठेवायचे, न जमणारा जवळच्या रंगावर नेऊन बसवायचा. हे तिन्ही हिरवे कागदाच्या आवाक्याबाहेरचे. तिन्ही एकाच जागी जाऊन बसले. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर आयतं खापर फुटलं होतं.

"काका, तुमची नजर शाबूत आहे," मावशी म्हणाल्या, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माती मी खाल्ली. बसा."

त्यांनी 'पर्सेप्च्युअल' निवडलं. त्यात सगळेच रंग थोडे थोडे आत सरकतात. झळाळी कमी होते, पण एकमेकांतला फरक राहतो. "वहीइतके तेजदार येणार नाहीत हं," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

नवं पान आलं. म्हाताऱ्याने ते खिडकीशी धरलं. "फिके केलेत," तो कुरकुरला. त्याचं बोट पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं, तिथून तिसऱ्यावर, आणि थांबलं.

"ही बघ तुझी आई," तो मुलीला म्हणाला.