गुणपत्रिकेवरची सही

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड ठाऊक नाही.

ऑस्ट्रेलियात यायच्या आधी मी दोन वर्षं युगांडात, कंपालात शिकवत होतो. खासगी विद्यापीठ होतं — खाली हार्डवेअरचं दुकान, वर तीन मजले वर्ग. लहान, पण खरं. परीक्षा खऱ्या, मुलं खरी. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जात मात्र मी ती दोन वर्षं पुसली. त्या जागी पुण्यातल्या मामेभावाच्या कंपनीचं अनुभवपत्र लावलं. आयटीचा अनुभव धरला जायचा ना — शिकवण्याचा नाही.

पण हे सगळं तरी का सांगतोय? मुद्दा हा नाही.

पुढे मेलबर्नच्या एका खासगी कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसलो. विद्यार्थ्यांचा नुसता लोंढा होता. वेरिबीच्या घरून शहरात येताना ट्रेनमध्येच अर्ज चाळायला घ्यायचो. त्यात एक दिवस नाकाटोचा अर्ज निघाला. माझी कंपालातली विद्यार्थिनी. मी मलेरियानं पडलो तेव्हा आठवडाभर उकडलेल्या केळ्यांचा डबा घेऊन येणारी. तिला ओळखलं नाही असं कसं म्हणू?

तिच्या गुणपत्रिकेखाली विभागप्रमुखाची सही होती — माझी. मी तेव्हा सही मराठीतच करायचो. वडिलांची शिकवण.

मॅनेजर खांद्यावरून डोकावला. "मेट, ही सही आहे की कागदावरून कोंबडी चालत गेलीये? तुला काय वाटतं, खरी आहे?"

एक 'हो' पुरला असता. पण मग — तुला कसं माहीत, तू तिथे कधी होतास? पीआर, घर, मुलीची शाळा, सगळं त्या एका शब्दावर.

"बनावट वाटतेय," मी म्हणालो.

"नो वरीज," म्हणत त्यानं अर्ज बाजूला टाकला. त्या विद्यापीठाचं नाव संशयितांच्या यादीत गेलं. ते टाइप मीच केलं.

महिन्याभरानं माझ्या जुन्या ईमेलवर तिचं पत्र आलं. मी त्याच कॉलेजात बसतो हे तिला कुठून कळणार? 'सर, ते म्हणतात तुमची सही खोटी आहे. खरी आहे एवढंच लिहून द्याल का?'

मी उत्तर दिलं नाही. पुन्हा तिचं पत्र आलं नाही.

तिथल्या मुलांचे अर्ज अजून येतात. यादी बघून नकाराची पत्रं मीच काढतो. खाली सही करतो — इंग्रजीत.