शेखांच्या बंदुकीची कळ

सुवैद बिन मुहन्ना यांची व माझी ओळख त्यांच्या भट्टीवर झाली. बहला गावाच्या बाजारामागे त्यांचे लोहारकामाचे दुकान होते आणि भाता ओढण्यास त्यांना माणूस हवा होता. मी तिशी ओलांडलेला, खजुराच्या बागेतील काम सुटलेला गृहस्थ होतो. सहा वर्षे मी त्यांचा भाता ओढला. पुढे त्यांच्याच शब्दावर मला जुन्या बंदुकांच्या मंडळात कॉफी करण्याचे काम लागले. म्हणून येथे जे लिहीत आहे, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहे.

ते ठेंगणे होते. ठिणगीने भाजलेला त्यांचा डावा कान आक्रसून गेला होता. बोलणे अत्यंत कमी. कोणाचीही बंदूक हाती आली की प्रथम नळीत गज घालून ती भरलेली नाही ना, हे ते पाहत. शंभर वर्षे भिंतीवर टांगलेली असली तरी पाहत. मुलाच्या, म्हणजे जहरानच्या, नावावरून लोक त्यांना अबू जहरान म्हणत आणि चेष्टा करीत, "अबू जहरान, ती तुमच्या आजोबांच्याही आधी मेली आहे!" ते म्हणत, "मेलेल्यांचीच भीती जास्त. त्या कुणाला सांगून उडत नाहीत."

एके वर्षी शेख हिलाल बिन सैफ हजला निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या आजोबांची चकमकीची बंदूक दुकानात आणून ठेवली. ते म्हणाले, "सुवैद, फक्त तेल दे. कळ उघडू नकोस. आजोबांनी लावली तशीच आहे ती."

सुवैद यांनी कळ उघडली. ठिणगी पाडणाऱ्या त्या यंत्राची कमान आतून गंजली होती आणि गंज पाहून हात आवरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गंज सोडवण्यासाठी त्यांनी कळ तापवली. ती थोडी अधिक तापली. पाण्यात घालताच वाळलेले लिंबू फुटावे तसा आवाज झाला. कळ ज्या पट्टीवर बसते ती तडकली होती आणि कमानीचे दोन तुकडे झाले होते.

तिसऱ्या प्रहरच्या असर नमाजापर्यंत ते तुकडे जुळवून पाहत होते. नंतर म्हणाले, "मसऊद, दार ओढून घे."

सतरा दिवस दार बंद राहिले. मी भाता ओढला आणि त्यांनी सगळी कळ नव्याने घडवली. कमान, घोडा, पट्टी, एकेक खिळा, पट्टीवरील वेलबुट्टीसुद्धा. कमानीला पाणी देताना ते जांभळा रंग निळ्यात उतरण्याची वाट पाहत, आणि त्या क्षणी मी श्वास घेतला तरी रागावत. शेवटी मीठ, सिरका आणि ओली राख लावून त्यांनी तिला शंभर वर्षांची केली. अठराव्या दिवशी त्यांनी मला शपथ घातली की ही गोष्ट माझ्या तोंडून कधीही बाहेर पडणार नाही. मी शपथ घेतली.

शेख परतले. त्यांनी घोडा मागे ओढला, कान लावून ऐकले आणि सुवैद यांच्या खांद्याचे चुंबन घेतले. "फक्त तेलच दिलंस ना?"

"तेल दिलं."

या उत्तरात ते जे अडकले, ते बावीस वर्षे अडकलेले राहिले. कारण त्यानंतर शेखांनी मंडळ स्थापन केले. दर हिवाळ्यात मंडळाचा सर्वांसाठी खुला दिवस भरू लागला, आणि ती बंदूक दालनाच्या मध्यभागी काचेत ठेवली जाऊ लागली. शेख पाहुण्यांना सांगत, "अशी कळ करणारा हात आता पृथ्वीवर उरला नाही. खोटं वाटत असेल तर सुवैदला विचारा." काचेशेजारच्या खुर्चीवर बसवलेले सुवैद मान हलवीत. एका वर्षी त्यांनी पाठदुखीचे निमित्त केले. शेखांनी गाडी आणि दोन उशा पाठवल्या.

त्यांचा मुलगा जहरान भट्टीवरच वाढला. हात बापाचा होता, परंतु त्याने केलेली प्रत्येक वस्तू त्या काचेतल्या कळीशेजारी धरली जाई आणि लोक हळहळत, "चांगली आहे, पण ती नव्हे." घरी येऊन तो कानस फेकून देई. बापाला सगळे ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते.

मग तो खुला दिवस आला, ज्या दिवशी मंडळ आपला कायमचा कारागीर निवडणार होते. जहरानने एक वर्ष खपून एक कळ केली होती. मंडळाने ती स्वीकारली तर तो भट्टी चालवणार होता. नाही तर सोहारच्या बंदरावरील नोकरीचा कागद त्याच्या खिशात होता. हे घरात सर्वांना माहीत होते.

दालन भरले होते. सूरहून आलेले मरहून नावाचे संग्राहक, देहाने स्थूल आणि आवाजाने त्याहून स्थूल, दोन्ही कळा पाहून म्हणाले, "पोरा, तुझी कळ म्हणजे चांगली सून आहे. पण ही आजी आहे, आजी!" लोक हसले. शेख खेदाने म्हणाले, "जहरान, मन लहान करू नकोस. हिची बरोबरी करणं कुणाच्याच हातात नाही. आम्ही मस्कतचा माणूस बोलावू."

तेव्हा सुवैद उठून उभे राहिले.

"शेखसाहेब, ती कळ मी केली आहे."

शेखांनी विचारले, "कोणती?"

"काचेतली. तुम्ही हजला गेलात तेव्हा मूळची माझ्या हातून तडकली. मी नवी केली. तुम्ही बावीस वर्षं माझंच काम दाखवताय. आणि जहरानचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे."

शेखांनी त्यांच्याकडे पाहिले. शेखांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मला वाटले, संपले. पण शेखांनी त्यांना मिठीच मारली. "बापाचं काळीज! ऐकलंत? पोरासाठी स्वतःच्या इमानावर डाग घ्यायला निघालाय हा!"

"मी खरं सांगतोय."

मरहून म्हणाले, "अबू जहरान, उद्या म्हणाल बहलाचा किल्लाही मीच बांधला!"

"करून दाखव मग," शेख प्रेमाने म्हणाले. "एक कर, आम्ही मानू."

सुवैद यांनी आपले हात पुढे धरले. ते थरथरत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "आता नाही होत. तेव्हा केली."

"तेव्हा, तेव्हा!" लोक पुन्हा हसले. त्या हसण्यात काहीही वाईट नव्हते.

मग सुवैद यांनी दालनभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "मसऊदला विचारा. भाता त्याने ओढला."

शेख माझ्याकडे वळले. "काय रे मसऊद?"

माझ्या हातात कॉफीची किटली होती. मी शपथ घेतली होती, आणि ज्याने ती घातली तोच माझ्यासमोर ती सोडवीत उभा होता. हे मला त्या क्षणी समजले नाही, असे मी लिहू शकत नाही. समजले होते. पण इतकी वर्षे मी शेखांच्या दालनात कॉफी ओतत होतो आणि सर्व डोळे माझ्याकडे होते. मी म्हणालो, "मी ताजी कॉफी आणतो."

स्वयंपाकघरातून मला जहरानचा आवाज ऐकू आला. "बाबा, पुरे. मला दया नको. निदान तुमच्याकडून तरी."

त्याने आपली कळ डोक्याच्या फडक्यात गुंडाळली आणि तो निघून गेला. त्याच आठवड्यात तो सोहारला रुजू झाला.

त्या दिवशी मी सुवैद यांच्यासोबत घरी चालत गेलो. क्षमा मागण्यासाठी मी तोंड उघडले, पण ते म्हणाले, "गप्प बस. तुझं तोंड मीच बांधलं होतं." पुढच्या आठवड्यात मी शेखांकडे जाऊन खरे ते सांगितले. शेखांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी किती निष्ठावान मित्र आहे, हे सर्वांना सांगितले. दर हिवाळ्यात गाडी येत राहिली. सुवैद जाऊन काचेशेजारी बसत आणि आता मानही हलवीत नसत. त्याने काही फरक पडला नाही.

तीन वर्षांनी मी लिहिणे-वाचणे शिकण्यासाठी प्रौढांच्या वर्गात जाऊ लागलो. एके दिवशी दुपारी वही काखेत घेऊन त्यांच्या बंद दुकानावरून जात होतो. ते बाहेरच्या ओट्यावर बसले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखले.

"किती अक्षरं झाली?"

"निम्मी."

"जहरान फोनवर माझं ऐकतो आणि म्हणतो, बरं बाबा, तुम्हीच केली." त्यांनी माझ्या वहीला हात लावला. "उरलेली अक्षरं शिकून झाली की त्याला लिही. कमान कशी तुटली ते लिही, सतरा दिवस कसे गेले ते लिही. आणि त्याची माझ्यापेक्षा चांगली होती, तेही लिही."