गोरज मुहूर्त, एकवीसशे किलोमीटरवर

नऊ डिसेंबर, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे. केदारखेड्याहून जीप निघाली. दिब्रुगडला माझ्या भाचीचे, अनघाचे, लग्न होते, गोरज मुहूर्तावर. बहीण तिकडेच वारली. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामाने उभे राहायचे असते, आणि मामा मी एकटाच.

जीपवाला गणेश माझा जुना विद्यार्थी. "गुरुजी, किती लांब हाय हे गाव?"

"विमानतळापासून विमानतळ, सुमारे एकवीसशे किलोमीटर. नकाशावर पट्टीने मोजले. सरळ उडाले तर तीन तास. पण सरळ विमान नाही, दिल्लीस बदलायचे."

"म्हंजी आधी उत्तरेला, मंग पूर्वेला? आम्ही वहीत असा रस्ता काढला असता तर छडी बसली असती!"

गणेशचे बोलणे रास्त होते.

दिल्लीच्या विमानतळावर तीन तास बसलो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या बाईंनी विचारले, "अकेले?" मी मान हलवली.

दुसऱ्या विमानातून डावीकडे हिमालय दिसला, नंतर ब्रह्मपुत्र. वाळूतून दहा वाटांनी वाहणारे पाणी. कोणाला दाखवावे असे शेजारी कोणी नव्हते.

तीन वाजून वीस मिनिटांनी उतरलो. मेहुण्यांनी गाडी पाठवतो म्हटले होते. मी नको म्हणून कळवले होते. गोरज म्हणजे पावणेसहा, कार्यालय तासाभरावर. घाई नव्हती. विमानात बंद केलेला फोन खिशात तसाच होता. सावकाश धोतर बदलले, फेटा बांधला, बाहेर येऊन चहा मागवला. उजेड मंद झाला होता.

"बादल आए हैं?" मी चहावाल्यास विचारले.

"नहीं बाबूजी, शाम हो गई."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. पूर्वेला सूर्य आधी उगवतो आणि आधीच मावळतो, हे मी चौतीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले होते.

पोहोचलो तेव्हा काळोख होता आणि पंगत बसली होती. मंगलाष्टकांच्या वेळी अनघाच्या मागे माझ्या जागी मेहुण्यांचे एक आसामी सहकारी उभे राहिले होते. त्यांनी मला पाहताच खांद्यावरचा गामोछा (लाल काठाचा पांढरा पंचा) काढून माझ्या गळ्यात घातला आणि हात जोडले. मीही जोडले.

"मामा, किती फोन लावले! भटजी म्हणे, सूर्य कोणाच्या मामासाठी थांबत नाही."

"चूक माझी," मी म्हणालो.

"आता भरपाई करा. पहिल्या संक्रांतीला माहेरी न्यायला मुराळी लागतो. तुम्हीच या. आईचं गाव ते माझं माहेर."

तिसऱ्या दिवशी परतलो. दोन विमानतळांमधले अंतर पट्टीने मोजता येते. त्या कार्यालयाच्या दारापासून आतल्या बोहल्यापर्यंतचे तीस पावलांचे अंतर मला अजून नीट मोजता आलेले नाही.

घरी न जाता आधी नवीन जालन्यात तिकिटे काढणाऱ्याकडे गेलो. जाताना एक, येताना तीन, जावईही येणार. पोहोचण्याची तारीख मी एक दिवस आधीची घेतली.