नानांचा चमचा आणि तुमचे आजोबा

बाळांनो, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार ते सहा आजीचा फोन बंद का असतो, असं तुम्ही परवा विचारलंत. लगेच दुसराही प्रश्न विचारलात, की आजोबा कसे होते. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि बोलणं राहिलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून आजच लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या.

त्या वेळी मी देवपुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत असते. तिथे आम्ही लिहिणारी माणसं जमतो, कधी सात, कधी अकरा. एकाने आपलं पान वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गट चालवतात ते नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर आहेत आणि प्रवाशांच्या गोष्टी लिहितात. जन्मभर घंटीची दोरी ओढलेला हात त्यांना अजून स्वस्थ बसू देत नाही. ते चहाच्या पेल्यावर चमचा वाजवतात. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चालू द्या. लांबलचक कविता वाचणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी भर वाचनात थांबवलं होतं. "सर, उतरा. तुमचा स्टॉप मागेच गेला." सर अजूनही येतात, पण कविता एका पानाची आणतात.

मी गेले ती तुमच्या आजोबांसाठी. तुम्ही त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलंय. ते माझ्याकडून कागदावर उतरले नाहीत, तर तुमच्यासाठी त्या फोटोपलीकडे काही उरणार नाही, ही काळजी मला लागली होती.

तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई मी. समास आखून, आधी मुद्दे काढून लिहिलं: जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. 'स्वभावाने मितभाषी व शिस्तप्रिय' इथपर्यंत पोचले आणि पेल्यावर एक ठोका पडला.

मी वही मिटली. पुढच्या महिन्यात तेच पान अधिक सुबक करून नेलं. पुन्हा एक ठोका, तोही दोन ओळी आधीच. आता यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

चहाच्या वेळी शेजारी अक्का बसल्या होत्या. त्या चोपड्याकडच्या, आयुष्यभर कापूस वेचलेल्या, आता देवपुरात लेकीकडे राहतात. कापसाच्या शेतातली गाणी स्वतः रचतात आणि नातीकडून वहीत उतरवून घेतात.

"बाई," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "तुमना साहेब माणूस व्हतात का भीतवरना फोटो?"

"म्हणजे?"

"तुमनं भांडन व्हये का नही कधी?"

मला राग यायला हवा होता. पण तोंडातून निघालं, "स्कूटरवरून व्हायचं."

मग सगळंच सांगावं लागलं. आजोबा रोज मला स्कूटरवरून कॉलेजला सोडायचे. एका सकाळी मी उत्तरपत्रिकांची जड पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि साडी सावरायला जराशी बाजूला झाले. मागे वजन पडलं म्हणताना यांनी गाडी सोडली. पिशवी स्टेपनीला टेकून छान बसली होती. पांझरेच्या पुलापर्यंत हे तिच्याशी बोलत गेले: पाणी कधी येणार, शेजाऱ्यांचं कुंपण, माझ्या भावाचं चुकलं कसं. पुलावर एका भाजीवाल्याने विचारलं, "आबा, कोनासंगे बोली राह्यनात?" तेव्हा यांनी मागे पाहिलं.

परत आले तेव्हा मी फाटकातच उभी होते, घड्याळाकडे बघत. चूक कबूल करायचं सोडून हे म्हणतात कसे, "मला वाटलं, आज तू पहिल्यांदाच माझं नीट ऐकून घेतेयस."

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्कूटरवर बसल्यावर मीच हसू लागले, आणि तेही.

अक्कांच्या बशीतला चहा पदरावर सांडला. पदर झटकत त्या म्हणाल्या, "आनि म्हने मितभाषी! हाईच लिखा ना बाई. बठ्ठं हाईच."

सगळी खोली ऐकत होती, हे मला कळलंच नव्हतं. कोपऱ्यातून नानांनी पेल्यावर चमचा वाजवला. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

पुढच्या महिन्यात मी ते सगळं तसंच लिहून नेलं. समास मात्र आखलाच, ती सवय जाणार नाही. अक्कांनी फक्त एक तक्रार केली: मी पाणी आणि कुंपण लिहिलं होतं, भावाचा भाग गाळला होता. तो मी परत घातला. मामाआजोबांनी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांगा.

ते पान या पत्रासोबत आहे. गट अजून भरतो, नानांचा पेला तोच आहे. आणि स्कूटर आपल्या जिन्याखाली उभी आहे. सुरू होत नाही, पण मागची सीट शाबूत आहे.