बाटलीबाई

नदीवर नमुन्याची बाटली भरताना आमच्या बाटलीबाई श्वास रोखून धरत. वासामुळे नव्हे, हात हलून बाटलीत हवेचा बुडबुडा शिरू नये म्हणून. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नवा लागलो तेव्हा एका नमुन्यासाठी त्यांनी मला सात वेळा नाग नदीत वाकवलं. "बुडबुडा म्हणजे खोटा साक्षीदार गा," असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्यानं आणलेल्या नमुन्यावर त्यांचा विश्वास नसे. कुणाच्या घरी गेल्या तरी प्यायचा पेला आधी उजेडात धरून बघत. ऑफिसात त्यांच्यासोबत चहाला कुणी बसत नसे, कारण त्या कपातही काहीतरी शोधत आणि त्यांना ते सापडे.

मग नदी स्वच्छ झाल्याचा सोहळा ठरला. मंडप उभा राहिला, गालिचे आले; फक्त नदीला कुणी कळवलं नव्हतं. त्या सकाळी बाईंनी बाटलीत रसायनं टाकली. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी साका बसतो. आमचा पांढराशुभ्र बसला, म्हणजे प्राणवायू शून्य.

"शून्य बरं दिसत नाही, बाई," साहेब म्हणाले. "चार लिहा."

"नदीले सांगा, साहेब. मी तं फक्त वाचून राहिली."

साहेबांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. माझी नोकरी अजून कच्ची होती. मी चार लिहिलं, खाली सही केली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाटल्या धुवायला निघून गेल्या.

सोहळ्यात चारचा मोठा फलक लागला. पाहुण्यांच्या नाकावर रुमाल असल्यानं टाळ्या काही धड वाजेनात. महिन्याभरात बाईंची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये झाली आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो, कायम होऊन.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी माफी मागितली.

"मले काहून मागतं? तो आकडा माहा होता का?" त्या म्हणाल्या. "आन् मी माफ केलं तं तू आरामात बसशीन इथं." हार टेबलावर ठेवून त्या स्कूटीवरून निघून गेल्या.

मी काही एका रात्रीत शूर झालो नाही. दोन महिने गेले. मग एका सोमवारी वरच्या कार्यालयाला लेखी कळवलं की तो आकडा खोटा होता आणि तो मीच लिहिला होता. उत्तर लवकर आलं. माझी बदली रेकॉर्ड रूमला.

बाईंना फोन केला. कौतुकाची थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू?

"अस्सं," त्या म्हणाल्या. "तिथला पंखा चालत नाही. घरून टेबलफॅन घेऊन जा."