कोऱ्या चहाची अब्रू

पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवला की घराची अब्रू जाते का? माझ्या आईला तसंच वाटायचं. नाशिकला शिकणारी माझी आसामी मैत्रीण दिवाळीनंतर गावाहून परतली. तिची आई चहामळ्यात पानं खुडते. तिथलाच शरदातला काळा चहा मैत्रिणीने आमच्यासाठी आणला होता. आईने तो दूध, आलं घालून खळाखळा उकळला.

मैत्रीण हसली. "काकू, यात माझी आई सापडेना!"

"अगं, कोरा दिला तर घरात दूध नाही असं वाटेल."

"वाटू दे की!"

मग तिने दूध न घालता केलेला दुसरा चहा तांबूस, सौम्य झाला. आम्ही तिघी सावकाश प्यायलो.

"तुझ्या आईला मिळतो का गं हा?" आईने विचारलं.

"नाही काकू. तिला चाळून उरलेली भुकटी मिळते."

कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाचत वाढले मी, पण हे विचारायचं सुचलं आईला. असा चहा घ्याल तेव्हा खुडणारीला काय मिळतं, ते विकणाऱ्याला जरूर विचारा.