गाळलेला ‘फक्त’

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दादाला सांगायची गरजच नव्हती — तो तिथेच बसला होता.

आमचे पप्पा कोरेगावच्या चर्चमध्ये पाळक होते. बायबलातली मोशेची पुस्तकं मोशेनेच लिहिली, यात त्यांना तसूभर शंका नव्हती. दादा पुण्याहून धर्मशास्त्र शिकून आला आणि म्हणाला, काही ओळी फार जुन्या असतील, पप्पा, पण पुस्तक कितीतरी पिढ्यांनंतर बांधलं गेलं. झालं — पप्पांनी त्याचं चर्चमध्ये उपदेश करणं बंद केलं. त्याच्याशी बोलणंही टाकलं.

मग चर्चमध्ये व्याख्यानाला एक परदेशी पाहुणे आले, जुन्या लिपी वाचणारे. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मी. यरुशलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या होत्या, ताइतासारख्या. उलगडल्यावर आत मोशेच्या पुस्तकातला आशीर्वाद निघाला — यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेला, विद्वान धरून चालले होते त्याहून जुना. इथवर मी नीट सांगितलं. पुढच्या बाकावर पप्पा डोळे पुसत होते.

पुढे पाहुणे म्हणाले, यावरून फक्त एवढ्या ओळी जुन्या ठरतात. अख्खं पुस्तक कधी तयार झालं, ते ही चांदी सांगत नाही.

म्हणजे दादाचंच म्हणणं की. आणि मी? मी तो ‘फक्त’ गाळला. मराठीत म्हणाले — हे पुस्तक तितकंच जुनं असल्याचं सिद्ध झालंय. भ्याले होते का? हो. पण खरं सांगू? पप्पांची गुणी मुलगी व्हायला मला आवडलंही.

पप्पा दादाकडे वळले. “ऐकलंस न्हवं? जमिनीनंच साक्ष दिली. आता तरी मान.”

दादाचं इंग्रजी माझ्याहून चांगलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “पाणी पी. घसा बसलाय तुझा.”

पाळक व्हायचं त्याने सोडून दिलं. लोणंदला कारखान्यात लागला. पप्पा येईल त्याला सांगायचे — पोरगं लय हट्टी, पुरावा दावला तरी मानलं न्हाई. मी शेजारी बसून त्यांना औषध देत असायची. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला?

पप्पांच्या दफनाच्या वेळी शेवटचा आशीर्वाद म्हणायला दादाला पुढे बोलावलं. चांदीवरच्या त्याच ओळी. त्याने त्या तोंडपाठ म्हटल्या, एकही शब्द न गाळता.

मी आमेन म्हणाले.